सुटी संपली तरी थकवा उतरत नाही? शिक्षकांनी तपासणी कुठून सुरू करावी

लक्षणं आधी सांगते.

रविवारी जेवणं आटोपली, भांडी झाली, की चारच्या सुमाराला पोटात गोळा येतो. सोमवारी काही आक्रीत घडणार असतं असं नाही, तरी येतो. वह्यांची पिशवी शाळेतून घरी येते, घरून शाळेत जाते, मधे तिची गाठ कुणी सोडत नाही. ग्रुपवरचा एकच मेसेज चार वेळा वाचला तरी नेमकं काय मागितलंय ते डोक्यात शिरत नाही. गेल्या वर्षी ज्या पोराच्या खोड्यांवर घरी जाऊन हसायचात, त्याच पोराचा आवाज आता कानाला बोचतो. गुरुवारपर्यंत घसा बसलेला. स्टाफमध्ये कुणी नव्या उपक्रमाचं बोललं की तोंडातून आपोआप निघतं, "काय फरक पडणारे?"

आणि हमखास लक्षण हे: दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते आणि पहिल्याच दिवशी तिसऱ्या तासाला तुम्ही सुटीआधी होतात तितकेच थकलेले असता.

साधा थकवा दोन रात्रींच्या झोपेने नाही तर आठ दिवसांच्या माहेराने उतरतो. हा उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने होणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे, आणि खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. वर सांगितलेली लक्षणं या तिघींपैकी कुठल्या ना कुठल्या खुणेत बसतात.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत एकवीस वर्षं आहे, सगळी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, त्यातली बरीच सातपुड्याच्या पायथ्याला. हा बिघाड दोनदा माझ्यात झाला. केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या किती मैत्रिणींचे, भावांचे फोन घेतले त्याचा हिशोब नाही. फोन येण्याचे हंगाम मात्र ठरलेले: कापूस वेचणीच्या आसपास एकदा, आणि मार्चात शाळा सकाळची झाली की दुसऱ्यांदा. बिघाड जवळपास दर वेळी एकाच जागी सापडतो. शाळेत प्रत्येक गोष्टीला घंटा आहे. प्रार्थनेला आहे, तासाला आहे, मधल्या सुटीला आहे, सुटण्याला आहे. ज्या कामाला घंटा नाही, ते काम माणसाला खातं. खाली जे काही सांगते आहे ते त्या कामांना घंटा बांधण्याबद्दल आहे. क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे आणि तो मोडू नका. पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट 'राजीनामा द्यावा का' इथे पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत.

पाणी, झोप, रक्त

हसू नका, इथूनच सुरुवात करायची.

आपल्याकडे मार्च उजाडला की ऊन चढायला लागतं आणि मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला भिडतो. शाळा सकाळची होते, म्हणजे अपडाऊन करणाऱ्या बाईचं उठणं पहाटे साडेचारला. भाकरी, डबा, पहिली गाडी. रात्री मात्र निजायला अकरा ते अकराच, कारण अंगणात उकाडा आणि घरात त्याहून जास्त. साडेपाच तासांची झोप आठवडाभर मिळाली तर कुणालाही आपण नालायक शिक्षक आहोत असं वाटायला लागेल. म्हणून आधी सलग सात दिवस झोपेचे तास लिहा. सहाच्या खाली असतील तर बाकीच्या तपासण्या तूर्त बाजूला ठेवा. दुपारी घरी आल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तासभर आडवं व्हायचं, हा पंधरा दिवसांचा उपाय. एवढ्याने निम्म्या लोकांचं काम भागतं असं माझं मत आहे.

पाण्याचंही तसंच. बायका शाळेत पाणी कमी पितात आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे: स्वच्छतागृह. ते दुरुस्त करायचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत लेखी मांडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीतले ७५ टक्के सदस्य पालक असतात, आणि नळ, कडी, दार या गोष्टी पालक आपल्यापेक्षा पटकन करून देतात. तोवर बाटली टेबलावर, पिशवीत नाही. समोर असली की हात जातो.

मग रक्त. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, जमलं तर बी-१२. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, बाकीच्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये. एका मैत्रिणीने वर्षभर स्वतःला आळशी म्हणून घेतलं आणि निघाला थायरॉइड. रक्तातला बिघाड आणि मनाचा बिघाड वरून सारखेच दिसतात, आणि रक्ताच्या बिघाडावर गोळी आहे.

आवाज बसण्याचं एक वेगळं सांगते. जोडवर्ग असेल तर आपण दोन वर्गांच्या गोंगाटावर आवाज चढवत दिवस काढतो. टाळीचा ठेका ठरवा: आपण तीन वाजवल्या की पोरांनी दोन वाजवून गप्प. आठ दिवसांत बसतो. घसा तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, खडीसाखरेवर काढायचं नाही.

फोन

खर्च शून्य, पण जीव कासावीस करणारी तपासणी.

आपण किती ग्रुपमध्ये आहोत ते मोजा. केंद्राचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, बीएलओंचा (मतदार यादीचं काम अंगावर असलेल्यांचा), संघटनेचा, प्रशिक्षणाच्या बॅचचा (प्रशिक्षण संपून तीन वर्षं झाली), पालकांचा, आणि एखादा 'फक्त महत्त्वाचे' नावाचा, ज्यात सकाळी फुलांचे फोटो येतात. मी मोजले तेव्हा चौदा निघाले.

मग एक आठवडा वहीच्या पानावर 'तात्काळ' असं म्हणून आलेला प्रत्येक मेसेज टिपा. आला कधी, खरी मुदत कधीची, तीच माहिती पुन्हा मागितली का. हे महत्त्वाचं का, तर डोक्याला 'तात्काळ' हा शब्द खरा वाटतो. वर्गात फळ्यावर भागाकार अर्धा असतो, खिशात फोन थरथरतो, आणि पुढची दहा मिनिटं तोंड भागाकार सांगतं पण डोकं तालुक्याला गेलेलं असतं. दिवसातून पंधरा वेळा असं झालं की संध्याकाळी आपण नेमके कशाने दमलो ते सांगता येत नाही. माझ्या पानावर त्याच दिवशी खरोखर हवे असलेले मेसेज एका हाताच्या बोटांवर मावले. बाकीचे दुसऱ्या दिवशी दिले तरी कुणाचं काही अडलं नाही. एका नमुन्यातली माहिती तर मी एकाच महिन्यात तीन वेळा पाठवली होती, दर वेळी रकाने जरा इकडचे तिकडे.

घंटा अशी बांधायची: फोन दिवसातून तीन वेळा बघायचा, प्रार्थनेआधी, मधल्या सुटीत मुलांचं जेवण उरकल्यावर, आणि शाळा सुटल्यावर. केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना स्पष्ट आणि आदराने सांगायचं, "साहेब, तातडीचं असेल तर कॉल करा, मी लगेच उचलते." मला आजवर एकाही साहेबाने यावर नाही म्हटलेलं नाही. कॉल करायला त्यांनाही कष्ट पडतात, त्यामुळे खरं तातडीचं असेल तेच येतं. पालकांच्या ग्रुपला रात्री आठनंतर उत्तर मिळणार नाही हे जूनमधल्या पहिल्या सभेत सांगून टाकायचं. जानेवारीत सांगितलं तर लोकांना राग येतो.

आठवडा मोजणं

शंभर पानी वही घ्या. चार रकाने: मुलांसमोर, मुलांसाठी, कागदासाठी, रस्त्यावर. 'मुलांसाठी'मध्ये तयारी आणि वह्या येतात. साधा आठवडा निवडा, तपासणीचा किंवा गॅदरिंगचा नको. प्रत्येक अर्धा तास कुठल्या रकान्यात गेला ते रोज संध्याकाळी लिहा.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास ४५ धरलेत, आणि त्यात तयारीचे तास मिळवलेले आहेत. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे प्राथमिकला दिवसाचे सरासरी चार तास मुलांसमोर. उरलेला वेळ कायदा लिहिणाऱ्यांनी आपल्या तयारीसाठी धरला होता. 'किमान' हा शब्द तिथे आहे, त्यामुळे ४५ ला कुलूप आहे असं समजू नका. पण मोजायला पट्टी मिळाली.

हे का करायचं? कारण अंदाज चुकतो. सगळे म्हणतात, "शिकवण्यानेच जीव जातो." वही भरल्यावर दिसतं की मुलांसमोरचा रकाना आहे तेवढाच आहे, फुगलाय तो कागदाचा, नाहीतर रस्त्याचा. पुढचा उपाय कुठला करायचा हे त्या फुगलेल्या रकान्यावर ठरतं. वही भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला फोन येतो तेव्हा मी हेच विचारते, आणि निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात. पंधरा दिवसांनी पुन्हा करतात.

वह्या

एक नमुना हिशोब. तिसरी-चौथी जोडवर्ग, २९ मुलं. मराठी, गणित, इंग्रजी अशा रोजच्या तीन वह्या, म्हणजे ८७. एका वहीला दोन मिनिटं धरली तर १७४ मिनिटं. जवळजवळ तीन तास. हे रोज होणं शक्य नाही, आणि होत नाही. पण 'करायला हवं होतं' हे ओझं रोज घरी येतं.

माझी पिशवी कापसाच्या बियाण्याच्या कंपनीची होती, जाड, हिरवी, बंद तुटू नयेत म्हणून सुतळीने शिवलेली. ज्या वर्षी पहिल्यांदा मी कोलमडले, त्या वर्षी ती अकरा दिवस तश्शीच एसटीने गेली आणि आली. बाराव्या दिवशी उघडली तेव्हा तळाच्या वहीत कुणाच्या तरी डब्यातलं तेल उतरलं होतं आणि अख्खा पाढा पिवळा झाला होता. त्या पोरीने मला विचारलंही नाही की बाई, वही कधी देणार. तिने घरून जुन्या वहीची कोरी पानं फाडून आणली होती आणि त्यावर लिहीत होती.

तेव्हापासून वही घरी नेत नाही. नियम साधा: वर्गात काम चाललेलं असताना रोज पाच मुलं, शेजारी बसवून, नीट. २९ मुलं सहा दिवसांत होतात. बाकीच्यांना त्या दिवशी नुसती सही आणि तारीख. शेजारच्याची वही तपासणं मुलांना शिकवायचं. तिसरीतलं मूल शुद्धलेखनाची चूक आपल्यापेक्षा बारकाईने काढतं, शत्रुत्व असेल तर फारच. प्रत्येक चुकीला लाल गोल करायचा नाही. आठवड्याला एकच गोष्ट धरायची: या आठवड्यात फक्त हातच्याची बेरीज, पुढच्या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ. शेजारी बसवून दोन मिनिटं बोललेलं मुलाच्या लक्षात राहतं. घरी बसून काढलेला लाल गोल ते बघतही नाही. आठवडाभर दोन्ही करून पाहा.

'वरिष्ठ वह्या बघतात' ही भीती खरी आहे. उपाय: पाच मुलांचं वेळापत्रक वर्गात भिंतीवर लावा. पद्धत दिसली की साहेब सहसा ऐकतात. एकदा एक ऐकले नाहीत, शेरा मारून गेले. शेरा वहीत आहे. मी अजून नोकरीत आहे.

कागद

सरल, यू-डायस प्लस, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार, शिष्यवृत्तीचे अर्ज, उंची-वजन. यातलं कुठलंही काम अवघड नाही. जीव खातं ते एकच माहिती वेगवेगळ्या दारांत पुन्हापुन्हा नेणं, आणि नावातला फरक. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या दाखल नोंदवहीत, 'सुनील', आधारला 'सुनिल', बँकेत 'सुनीलभाऊ'. पोर्टल नाकारतं आणि आपली संध्याकाळ जाते.

उपाय जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात. एक मोठी वही किंवा संगणकावर एक तक्ता. प्रत्येक मुलाची एक ओळ: जनरल रजिस्टरप्रमाणे नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधारवरचं नाव जसंच्या तसं, खातं, जात प्रवर्ग, रजिस्टर क्रमांक. जिथे दोन नावं जुळत नाहीत तिथे लाल खूण, आणि पालकांना तेव्हाच सांगायचं. पुढे जे कुणी जे काही मागेल ते या ओळीतून उचलायचं. ही वही कपाटात कुलपात. तिचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, मुलांचे आधार क्रमांक आहेत ते.

पोषण आहाराचं गणित तर मुलांनाच द्या. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५०. आज हजर ३७, म्हणजे ३ किलो ७०० ग्रॅम तांदूळ. माझी चौथीची पोरं हे फळ्याच्या कोपऱ्यात करून ठेवतात, मी फक्त नोंदवते. दशांश अपूर्णांक त्यांना इतका पक्का झालाय की स्वयंपाकी मावशी मला न विचारता त्यांना विचारते.

आकारिक मूल्यमापनाच्या (सत्रभर रोजच्या कामावरून होणाऱ्या) नोंदी सत्र संपताना एकदम लिहायला बसलात तर मेलात. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के आहे, म्हणजे नोंदी भरपूर. रोज पाच मुलं शेजारी बसतात ना, तेव्हाच एकेक ओळ लिहायची. खरी असते आणि वाचवतही नाही इतकी सारखी नसते.

कागदासाठी घंटा: शाळा सुटल्यावर ४० मिनिटं, शाळेतच. घरी लॅपटॉप उघडायचा नाही. ४० मिनिटांत झालं नाही ते उद्याच्या ४० मिनिटांत.

भाषा, ही तपासणी कुणी करत नाही

बाहेरच्या जिल्ह्यातून इकडे नेमणूक झालेल्यांनी हे जरूर तपासावं. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पहिलीतलं मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं, जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच खेड्यांत अहिराणी. आपण पुस्तकी मराठीत बोलतो, मूल गप्प बसतं, आपल्याला वाटतं ऐकत नाही. मग आवाज चढतो. दिवसभर भिंतीशी बोलल्याचा थकवा हा काम जास्त असल्याचा थकवा नसतो, पण वाटतो तसाच.

खर्च एका वहीच्या पानाचा. पन्नास शब्द मुलांकडूनच लिहून घ्या. "आठे ये, बठ" (इथे ये, बस) म्हणालात की अहिराणी पोराचा चेहरा कसा उघडतो ते बघा. चुकलात की ती हसतात, आणि वर्ग हसला की आपलाही जीव जरा हलका होतो. सातारा जिल्ह्यातून आलेल्या एका सरांनी दोन महिने ही वही ठेवली आणि बदलीचा अर्ज मागे घेतला. एवढंच कारण असेल असं मी म्हणत नाही, त्यांचं लग्नही इकडेच ठरलं होतं.

घर

थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकीचं घर वेगळं. चार रकान्यांत मी पाचवा काढला नव्हता, ती चूक झाली. पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचे तीन तास घरकाम हे पण काम आहे. वही नवऱ्याला वाचायला द्या. भांडू नका, फक्त द्या. कळण्याची भाकरी जमली नाही तर पोळी चालते, आणि पोळ्या लाटून देणारी बाई महिन्याला जे घेते ते रक्तदाबाच्या गोळ्यांपेक्षा स्वस्त पडतं.

लेखी बोलणं

आता महागडं. इथे पैसे नाही, हिंमत लागते. शिक्षणसेवक (सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर असलेले शिक्षक) असाल तर आणखी अवघड, कारण तीन वर्षं नाही म्हणायची सोय नसते. अशांनी एकट्याने बोलू नये, केंद्रातल्या जुन्या शिक्षकाला सोबत घ्यावं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना शिक्षणेतर काम देता येत नाही. अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं आहे की ते शिक्षकांना सुटीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. मुलांचे तास त्याने वाचले, हे चांगलंच झालं. आपला रविवार गेला, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. म्हणून बीएलओचं काम ज्या महिन्यात अंगावर असेल, त्या महिन्यात शाळेतलं दुसरं काहीतरी कमी करून मागायचं: गॅदरिंगची जबाबदारी, एखादी स्पर्धा, एखादा अहवाल. तोंडी नाही. चार ओळींचा अर्ज, सोबत आठवड्याच्या वहीची प्रत. "खूप काम आहे" याला उत्तर मिळतं "सगळ्यांनाच आहे". "माझे आठवड्याचे ५८ तास होत आहेत, पैकी १४ कागदाचे आहेत, यातले कोणते कमी करू?" याला उत्तर द्यावं लागतं.

आणि एक बिघाड तुमच्यात दुरुस्त होणारा नाही, तो ओळखा. साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, हा कायद्याचा हिशोब. दुसरं पद रिकामं आहे, जोडीदार प्रतिनियुक्तीवर गेलाय, चार वर्ग एकट्याच्या अंगावर आहेत, अशा ठिकाणी वरच्या सगळ्या युक्त्या जखमेवर फुंकर घालण्यापुरत्या. तिथे मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पटसंख्या आणि मंजूर पदं लिहून पत्र, समितीचा ठराव जोडून, आवक क्रमांक घेऊन. दर महिन्याला एक. संघटनेला प्रत. योगासनांनी रिकामं पद भरत नाही.

इथे थांबा, स्वतः दुरुस्ती करू नका

दुसऱ्या वेळेचं सांगते. मार्च, वीज गेलेली, चौथीचा वर्ग. एका पोराने तिसऱ्यांदा तेच विचारलं आणि मी लाकडी पट्टी टेबलावर इतक्या जोरात आपटली की तिचे दोन तुकडे झाले. एक तुकडा पहिल्या बाकाखाली गेला. वर्ग चिडीचूप. पहिल्या बाकावरचा पोरगा वाकला, तुकडा उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही काबर चिडी ऱ्हायनात? पोट दुखस का?" (का चिडताय? पोट दुखतंय का?) त्याची आई पोट दुखलं की चिडायची, एवढंच त्याला माहीत. मी त्याला पाणी प्यायला जाते म्हणून सांगितलं आणि हापशाजवळ उभी राहिले. हात थरथरत होता. पट्टी त्याच्या पाठीवरही उतरली असती, हे मला कळलं होतं. मुलाला मारणं कायद्याने बंद आहे ही नंतरची गोष्ट.

त्या शनिवारी मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले. केसपेपर काढला, रांगेत बसले. रांगेत एक पोलीस होता, एक केळीचा बागायतदार, दोन बाळंतिणी. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही.

तर यातलं काहीही असेल तर वह्या, रकाने, घंटा सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. मुलावर हात उचलला गेला किंवा उचलला जाईल असं वाटतं. दोन आठवड्यांवर झोप नाही, नाहीतर उठवतच नाही. सुटीतही, आवडत्या माणसांतही, भरीत-बट्टीच्या पंगतीतही काही गोड लागत नाही. शाळेच्या फाटकाशी छातीत धडधड, घाम, श्वास अडकणं (याला आधी हृदयाची तपासणी, मग मनाची). संध्याकाळी 'थोडी' घेतल्याशिवाय चालत नाही. आणि आपण नसतो तर बरं झालं असतं, असा विचार एकदा जरी आला असेल तर उद्याची वाट बघू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरातल्या एकाला त्याच वेळी सांगा आणि त्या रात्री एकटे राहू नका.

औषध सुरू झालं तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. तीन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून मी बंद केलं होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

रजेची लाज बाळगणारे फार भेटतात. वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा मिळते. ती अर्धवेतनी रजेतून वळती होते, एका दिवसाला दोन दिवस खात्यातून जातात, पगार पूर्ण. किती शिल्लक आहे ते सेवापुस्तकात बघून घ्या. अर्जात कारण म्हणून 'प्रकृती अस्वास्थ्य' एवढं लिहिलं तरी पुरतं. जाताना कपाटाची चावी, साठा नोंदवही आणि मुलांची ती एका ओळीची वही सहकाऱ्याच्या हातात द्या, रोज पाच मुलांचं वेळापत्रक भिंतीवर आहे ते दाखवा, आणि शाळेच्या ग्रुपमधून रजा संपेपर्यंत बाहेर पडा. परत आल्यावर ते पुन्हा जोडून घेतात.